मायदेशाचा उशीर

रग्बी लीग हा खेळ जन्मला तोच मजुरीच्या प्रश्नातून. खेळापायी बुडालेला रोज भरून मिळावा, एवढीच उत्तर इंग्लंडमधील कामगार खेळाडूंची मागणी. तिच्यावरून १८९५ साली तेथील क्लब मूळ रग्बीपासून विभक्त झाले. ऑस्ट्रेलियातही हा खेळ रुजला, आणि चार पैसे अधिक मिळतील तिकडे खेळाडूंनी सागर ओलांडावा, हे ओघानेच आले.

सिडनीचा ब्रायन बेव्हन दुसऱ्या महायुद्धात नौसैनिक म्हणून इंग्लंडला आला. त्याची देहयष्टी इतकी किरकोळ, की हा गडी मैदानावर टिकेल असे कोणास वाटू नये. वॉरिंग्टन क्लबने मात्र त्याला पारखले. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणे म्हणजे ‘ट्राय’. बेव्हनने कारकीर्दीत असे ७९६ ट्राय केले. तो विक्रम आजही अबाधित आहे.

परंतु परदेशी क्लबात खेळणाऱ्यास त्या काळी ऑस्ट्रेलियाच्या संघात स्थान नसे. स्वदेशाकडून एकही कसोटी सामना त्याच्या वाट्यास आला नाही. १९९१ साली तो निवर्तला. आणि २००८ साली ऑस्ट्रेलियाने शतकातील सर्वोत्तम संघ निवडला, त्यात त्याचे नाव घातले.

पोटासाठी दूर गेलेल्याला आपला म्हणावयास घराने इतका विलंब लावावा काय?