शनिवार तेल्यांची वंशकथा



एखादा समाज कोणत्या वंशातला, हे जाणण्याची साधने पूर्वी दोनच होती : पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली कथा आणि भाटांच्या वह्या. आता त्यांत डीएनए-परीक्षेची भर पडली आहे. ही परीक्षा काय सांगू शकते आणि कोठे मुकी होते, हे महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजाच्या उदाहरणावरून उत्तम कळते.

या यहुदी समाजाची परंपरा अशी की, पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी घाणा बंद, म्हणून कोकणाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. गावांवरून रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावे पडली. मराठी ही घरची भाषा झाली. जालना हा समर्थ रामदासांच्या जन्मगावाचा, जांबचा, जिल्हा. येथील श्रोत्यांना कीर्तन म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकात या समाजाने त्याच पद्धतीने आपल्या धर्मग्रंथांतील कथा मराठीत गायिल्या. येथे त्यांना कोणी वंशाचा दाखला मागितला नाही.

दाखला मागितला गेला तो इस्रायलमध्ये. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक तेथे स्थायिक झाले. पूर्वी परधर्मीयांशी विवाह झाले असतील, घटस्फोट धर्मनियमांनुसार झाले नसतील, अशी शंका घेऊन १९६२ साली तेथील प्रमुख धर्मपीठाने विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. समाजाने तीव्र आंदोलन केले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असे घोषित केले.

विज्ञानाची साक्ष त्यानंतर आली. वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जाते; मायटोकॉन्ड्रियातील डीएनए मातेकडून अपत्यांकडे येतो. त्यामुळे पितृवंश आणि मातृवंश स्वतंत्रपणे शोधता येतात. कॉर्नेल व तेल अवीव विद्यापीठांतील संशोधकांचा समावेश असलेल्या गटाने २०१६ साली बेने इस्रायल समाजातील १८ व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वारसे ठळकपणे आढळले. यहुदी वारसा मुख्यतः पुरुषांकडून, तर भारतीय वारसा मुख्यतः स्त्रियांकडून आलेला दिसला. हा संकर सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा, म्हणजे साधारण ६५० ते १,०५० वर्षांपूर्वीचा, असा अंदाज निघाला.

दूरदेशाहून आल्याची परंपरा अशा रीतीने निराधार ठरली नाही. मात्र गलबत कोणत्या वर्षी फुटले, वाचलेले खरोखर चौदाच होते काय, हे डीएनए सांगत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. यहुदी धर्मशास्त्र जन्माने येणारे यहुदीपण मातेवरून मानते. १९६४ चा निर्णय या परीक्षेवर सोपविला असता, तर पितृवंशाने अनुकूल कौल दिला असता आणि मातृवंशाने शंका वाढविली असती. कोकणातील ज्या स्त्रिया त्या घरांत सुना म्हणून आल्या, त्यांनी तो धर्म स्वीकारला होता काय, शनिवारचा दिवा कोणत्या श्रद्धेने लावला, याची नोंद रक्ताच्या थेंबात नसते. ती त्यांच्या मुलांनी शनिवारी बंद ठेवलेल्या घाण्यात होती.

वंशशोध हा इतिहासाचा साक्षीदार आहे. त्याला न्यायाधीश करू नये. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तो कोणाचे रक्त तपासून नव्हे.