चादरीखालचं मशीन

(शाळेच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळी बोरिवली स्टेशनवरून चालत आले. वाटेत डॉक्टरांच्या पाट्या मोजत होते. मेंदूचे, मणक्याचे, नुसत्या गुडघ्याचे. वीस झाल्या आणि नाद सोडला. आपल्या लहानपणी त्याच रस्त्यावर एक फॅमिली डॉक्टर होते आणि दात सोडून ते सगळं बघायचे!

पत्रिकेत माझ्या नावापुढे 'सर्जन' छापलंय. मी भूलतज्ज्ञ आहे. राग नाही, सवय आहे. पेशंटशी माझी ओळख होते आणि लगेच तो झोपतो.

आपल्या ग्रुपवर महिनाभर चर्चा चालू आहे, की तुकडीच्या निधीतून जव्हार-मोखाड्याकडच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयाला भुलेचं मशीन द्यावं. कल्पना माझ्यामुळेच निघाली असणार. पण मला त्याबद्दल थोडं वेगळं सांगायचंय.

१९९१ साली एमबीबीएस होऊन मी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात एका ग्रामीण रुग्णालयात होते. नाव सांगत नाही. तिथे ऑपरेशन थिएटर होतं, स्त्रीरोगतज्ज्ञ होते, भुलेचं मशीनही होतं, पांढऱ्या चादरीखाली झाकलेलं. भूल द्यायला कोणी नव्हतं. पावसाळ्यात एका रात्री अडलेली बाई आली. सिझेरियन हवं हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. तिला जीपमध्ये घालून नाशिकला पाठवलं. बाई वाचली. बाळ घाटातच गेलं. सिझेरियन करू शकणारा माणूस माझ्या शेजारी उभा होता, हे मी अजून विसरलेले नाही. पुढे मी भूलशास्त्र घेतलं ते त्या चादरीमुळे.

कमरेत एक सुई टोचण्यापुरतं हे काम नसतं. सुईनंतर रक्तदाब कोसळू शकतो, श्वास अडकू शकतो. तो सांभाळायला डोक्याशी दुसरा माणूस लागतो. सर्जनने पोट उघडायचं आणि श्वासही बघायचा, हे जमत नाही.

केंद्र सरकारच्या २०२१-२२च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, तज्ज्ञांची तूट सुमारे ८० टक्के होती. त्यात मोजतात चौघांना: सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ. भूलतज्ज्ञ त्या चौघांत नाहीच. आमची तूट त्या ८० टक्क्यांच्या बाहेरची.

"डॉक्टर खेड्यात का जात नाहीत?" असं आपल्यापैकी प्रत्येकाने मला एकदा तरी विचारलंय. लगेच हेमलकशाचं उदाहरणही दिलंय. डॉ. प्रकाश आमटे १९७३ साली सर्जरीचं शिक्षण सोडून तिथे गेले. त्यांना नमस्कारच. पण तशी माणसं येतील म्हणून सरकारी पदं भरता येत नाहीत. साध्या माणसाचा विचार करा. एकटाच भूलतज्ज्ञ म्हणजे चोवीस तास ड्युटी, विचारायला कोणी नाही, रक्त दूरच्या गावाहून येणार. सर्जनची बदली झाली की हा रिकामा, आणि हा गेला की सर्जन रिकामा. घरी बायकोची नोकरी, मुलांची शाळा. बाँडची सक्ती आहे. त्यामुळे वर्षभर माणूस मिळतो. वर्ष संपलं की पुन्हा चादर.

आणि मी? मी परत गेले नाही. बोरिवली-कांदिवलीच्या नर्सिंग होममध्ये स्कूटरवरून धावत पंचवीस वर्षं काढली. इथे पाच मिनिटांत दुसरा भूलतज्ज्ञ मिळतो.

तीन वर्षांपासून आम्ही चौघं भूलतज्ज्ञ आळीपाळीने शनिवारी तिकडे जातो. पहाटे हायवेने मनोर, पुढे विक्रमगड. ठरवलेली सिझेरियन, हर्निया, एवढं होतं. कळा काही शनिवार बघून येत नाहीत, ते मला माहीत आहे. पण तिथल्या एका एमबीबीएस मुलीने सरकारचं भुलेचं काही महिन्यांचं प्रशिक्षण घेतलंय. पहिल्या केसेसना ती माझ्याशेजारी उभी राहिली. आता रात्री-अपरात्री फोन करते, "मॅडम, प्रेशर ऐंशी झालंय." आम्ही बोलत राहतो. ती टिकली, तर शनिवारखेरीजचे सहा दिवस भरतील.

ती राहते त्या क्वार्टरला पाणी नाही. छत गळतं. हल्ली ती बदलीचं बोलू लागली आहे.

म्हणून मशीन देऊ नका, तिथे ते आहे. निधी आळीपाळीने जाणाऱ्यांच्या गाडीखर्चाला आणि त्या क्वार्टरच्या दुरुस्तीला द्या. देणगीदारांची पाटी लावायला त्यात जागा नाही, हे आधीच सांगते. पाटीवरून भांडण नको, आपली तुकडी मला ठाऊक आहे!

चहा झाला की दहावी 'ब'च्या वर्गात बसू. मशीनचं कोटेशन आणलंय, आणि पाण्याच्या टाकीचंही.