कामाला जायचं तर कामाच्याच व्हिसावर
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत विषय छापलाय ‘परदेशप्रवास आणि योग्य व्हिसा’. अमेरिका, युरोप, आखात असं ओळीनं बोलायचं ठरलं होतं. पण समोर खेड, दापोली, मंडणगडची मंडळी दिसताहेत, तेव्हा आधी आखात. पासपोर्ट वेगळा, व्हिसा वेगळा हे कोकणात सांगायची गरज नाही. इथे घरटी एक माणूस तरी दुबई-कुवेत करून आलेला असतो. (हशा)

माझं सांगणं एकच आहे. ज्या कारणासाठी जाताय, त्याच कारणाचा व्हिसा घ्या. स्वस्त कुठला, लवकर मिळणारा कुठला, हे नंतर.

आपल्याच भागातला एक मुलगा. शाळा नववीत सुटलेली, पण एसी दुरुस्तीत हात बसलेला. एजंट म्हणाला, “आत्ता व्हिजिटवर जा, तिकडे कंपनी व्हिसा लावेल.” आईच्या पाटल्या गहाण पडल्या. त्याचा व्हिसाचा कागद मी पाहिला आहे. प्रकाराच्या रकान्यात ‘टुरिस्ट’, मुदत 60 दिवस. कंपनीचं नाव नाही, पगाराचा आकडा नाही, हुद्दा नाही. शारजात एका कंत्राटदारानं त्याला भर उन्हात गच्च्यांवर राबवलं. पगार मागितला तर उत्तर आलं, “तू टुरिस्ट. तक्रार कुणाकडे करणार?” मुदत संपली आणि रोजचा 50 दिरहॅम दंड चढायला लागला. पोलिसांच्या भीतीनं पोरगा खोलीबाहेर पडेना. शेवटी गाववाल्यांनी वर्गणी काढून दंड भरला, तेव्हा तो घरी आला. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत.

आता यातली मेख बघा. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’, असा शेरा लागतो. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार अशा माणसाला ठरावीक 18 देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. तिथे करारपत्र बघतात, पगार बघतात, मालक कोण ते बघतात. 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो, त्याचा हप्ता दोन वर्षांना 275 रुपये. एजंटाला 30 हजार आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. एवढं सगळं त्या मुलाच्या बाजूनं उभं होतं. पण पर्यटकाला ही मंजुरी लागत नाही! कागदावर ‘टुरिस्ट’ लिहिलं आणि करार, विमा, शुल्काची मर्यादा, सगळं एका फटक्यात गेलं. लोक म्हणतात, मंजुरी ही कटकट आहे. मी म्हणतो, गरिबाला सरकारनं दिलेलं ते कवच आहे.

मागून प्रश्न आलाय, “तिकडे गेल्यावर व्हिसा बदलतो ना?” बदलतो. पण मालकानं आधी रीतसर परवाना काढला तर. तोवर केलेलं काम बेकायदाच. परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला अमिरातीनं 2024 मध्ये 1 लाख ते 10 लाख दिरहॅम दंड लावला आहे. तिथलं सरकार इतकं कडक झालं असताना आपण का ढिलाई करायची?

एजंट मंडळीही इथे बसली आहेत. सगळ्यांना एका माळेत ओवत नाही. ज्याची नोंदणी आहे त्यानं रागावू नये, त्यानं क्रमांक दाखवावा. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तो कुणालाही तपासता येतो. (टाळ्या)

आणि हे फक्त आखातापुरतं नाही. थायलंडला सहलीच्या नावानं नोकरीसाठी गेलेली आपली मुलं म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत कोंडली गेली. 2025 च्या मार्चमध्ये त्यांतल्या शेकडो जणांना थायलंडमधल्या माए सोतहून हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. अमेरिका राहिली, युरोपही राहिला, म्हणून धावतं सांगतो. अमेरिकेत लेकीकडे जाणाऱ्या आईवडिलांनो, पाहुण्यांचा बी-2 व्हिसा 10 वर्षांचा मिळाला म्हणजे 10 वर्षं राहता येतं असं नाही. किती दिवस राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. आय-94 या प्रवेशनोंदीवरची तारीख बघा, ती ओलांडू नका. 180 दिवसांच्या वर जादा राहून परतलात तर तीन वर्षं दार बंद, वर्षभर राहिलात तर दहा वर्षं. मुलाखतीत “मुलीकडे जातोय” हेच सरळ सांगा, स्थळदर्शनाच्या गोष्टी रचू नका. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी जिथे जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस, त्याहून अधिक नाही.

घंटा झाली. शेवटचं, आणि हे घरी जाऊन पोरांना सांगा. मालकाचं नाव, पगार आणि हुद्दा लिहिलेलं करारपत्र आणि नोकरीचा व्हिसा हातात पडल्याशिवाय दागिना गहाण ठेवू नका आणि विमानात पाऊल टाकू नका. एजंट घाई करू लागला, तर उठून घरी या.