आडनावापुढचं प्रश्नचिन्ह

एक्सएमएल म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागाला नावाची खूण घालून ठेवण्याची रीत. १९९८ साली ती प्रमाण ठरली. कोणती खूण कुठे आणि किती वेळा यावी, हे सांगणारी नियमावली म्हणजे डीटीडी.

जुन्या मराठी कवींच्या सूचीसाठी मी ती लिहिली : आधी नाव, मग आडनाव. ‘योगसंग्राम’कर्ते श्रीगोंद्याचे शेख महंमद आले आणि अडलं. आडनावच नाही! संगणकानं नोंद अवैध ठरवली. मित्र म्हणाला, ‘शेख’ला आडनाव करून टाक. संगणकाला ते चाललं असतं. तो खूण पाहतो, खरंखोटं पाहत नाही. पण ‘शेख’ ही तर उपाधी.

मग नियमातच ‘आडनाव’पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. डीटीडीत त्याचा अर्थ : असलं तर एकदा, नसलं तरी चालेल. नोंद वैध ठरली, कवीचं नावही शाबूत राहिलं.