जोखीम खाली, अधिकार वर

व्यासपीठावरील मान्यवर, डॉक्टर मंडळी, सिस्टर, ब्रदर, आशाताई, आणि ज्यांचं नाव अशा भाषणांत नेहमी शेवटी येतं ते आपले मामा आणि मावशी,

परंड्यात आरोग्य कर्मचाऱ्यांचं संमेलन भरावं आणि त्याचं अध्यक्षपद एका निवृत्त परिचारिकेकडे यावं, याचा मला मनापासून आनंद आहे. आनाळ्याहून, आसूहून, जवळ्याहून रात्रपाळी करून थेट इथे आलेल्या मुली समोर दिसताहेत. तुमच्यासमोर लांबण लावणार नाही.

मघाशी आपल्याला देवदूत म्हटलं गेलं, म्हणजे आपल्याकडून त्यागाची अपेक्षा ठेवली गेली. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण तो त्याग त्यांनी आपणहून केला. हजेरीपटावर सही करून कामाला लागणाऱ्या माणसाकडे त्यागाची मागणी करण्याचा हक्क कुणालाही नाही. त्याला हातमोजे द्या, लस द्या, व्हरांड्यात उजेड द्या आणि खोलीच्या दाराला आतून कडी द्या.

कडी मुद्दाम म्हणते. 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानभाग ही परिचारिका ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलत होती. तिथेच रुग्णालयातल्या एका सफाई कामगारानं कुत्र्याच्या साखळीनं तिचा गळा आवळला. 18 मे 2015 पर्यंत, म्हणजे जवळपास 42 वर्षं, ती त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होती. इच्छामरणाच्या 2011 च्या निकालामुळे तिचं नाव देशभर झालं. मला मात्र वेगळाच प्रश्न छळतो: कपडे बदलायला तिला तळघरात का जावं लागलं? हा प्रश्न मुंबईच्या परिचारिकांनी तेव्हाच ओळखला होता. त्यांनी संप केला तो अरुणासाठी, आणि स्वतःच्या कामाच्या परिस्थितीसाठीही. पुढे तिला केईएमबाहेर हलवायचा घाट घातला गेला, तेव्हा याच बायका आडव्या आल्या.

आता सांगा, आपल्या तालुक्यात रात्रपाळीच्या किती सिस्टरना कडी लागणारी स्वतंत्र खोली आहे?

आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. कायदा चांगला आहे. पण साप चावलेल्या पोराला घेऊन रात्री दोनला ट्रॅक्टरभर माणसं येतात, तेव्हा दारात एक सिस्टर आणि एक मामा असतात. रुग्ण बार्शीला किंवा सोलापूरला हलवायचा असेल, तर का हलवतोय हे कुणीतरी त्या आईबापाशेजारी उभं राहून सांगायला हवं. ते आपलं काम आहे, आणि घाईत आपण तेच टाळतो. पुरेशी माणसं आणि दारावर पहारा देणं मात्र सरकारचं काम आहे.

2021 साल आठवा. 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 10 नवजात बाळं आगीत गेली. 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, त्याच दिवशी 11 रुग्ण दगावले. नगरच्या प्रकरणात एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना अटक झाली. कोण दोषी हे न्यायालय ठरवेल. पण वायरिंग सिस्टर करत नाही, फायर ऑडिटची फाईल तिच्या टेबलावर येत नाही, निधी ती मंजूर करत नाही. आपल्या व्यवस्थेत जोखीम पायरी पायरीनं खाली उतरते आणि अधिकार वरच राहतात. माझी खरी तक्रार हीच आहे.

आणि आपणही आपल्या खालच्या पायरीशी तसंच वागतो. ओपीडीत गर्दी आहे, इंजेक्शन दिलं, पुढचा रुग्ण हाक मारतोय. सुई तशीच साध्या पिशवीत जाते. दुपारी मावशी पिशवीला गाठ मारण्यासाठी कचरा हातानं दाबते आणि सुई तळहातात घुसते. ती नळाखाली हात धरते, पदराला पुसते आणि गप्प बसते. कंत्राटावर आहे, बोलली तर उद्या कामावर घेतील का, ही धास्ती. ती सुई आपण टाकलेली असते!

लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीच्या रुग्णाची सुई टोचली, तर शंभरातल्या तीसजणांपर्यंत लागण होऊ शकते. एचआयव्हीची शक्यता हजारात तीनच्या आसपास. त्यावरचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं, 72 तास उलटले की त्याचा भरवसा उरत नाही. म्हणजे मावशीचं गप्प बसणंच तिच्या जिवावर बेतू शकतं. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम स्पष्ट आहेत: हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बीची आणि धनुर्वाताची लस, वर्षाला आरोग्य तपासणी, वर्षाला प्रशिक्षण, आणि अपघाताची नोंद. त्यात कायम कोण, कंत्राटी कोण, असा भेद नाही.

म्हणून बहिणींनो, भावांनो, वापरलेल्या सुईला टोपण लावू नका. कटरमध्ये तोडा, पांढऱ्या डब्यात टाका. डबा नसेल तर रुग्ण कल्याण समितीकडे लेखी मागा आणि पोच घ्या. सुई टोचल्याचं सांगणाऱ्यावर कुणी ओरडलं, तर सगळ्यांनी मिळून ओरडणाऱ्याला जाब विचारा.

तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्यात सुई टोचल्याच्या नोंदीची वही असावी, कंत्राटी कामगारांना महिन्याभरात लसीचा पहिला डोस मिळावा आणि रात्रपाळीच्या खोलीला कडी बसावी, असा ठराव मी अध्यक्ष या नात्यानं मांडते. त्याला अनुमोदन मावशींपैकी कुणीतरी उभं राहून द्यावं, अशी माझी विनंती आहे.