व्यवस्थेंतील वंशभेद कसा ओळखावा?



'व्यवस्थेंतील वंशभेद' या शब्दांवर हल्लीं पुष्कळ वाद होतो. एक पक्ष म्हणतो, द्वेष करणारा माणूस दाखवितां येत नसेल, तर भेदभाव कोठला? दुसरा म्हणतो, द्वेष कोणाच्या मनांत नसला, तरी अन्याय नियमांत वसूं शकतो. निवाड्यासाठीं दूर जावयास नको; पुणें जिल्ह्यांतच पुरावा आहे.

कोरेगांव भीमा येथील जयस्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईंत पडलेल्या शिपायांचीं नांवें आहेत. त्यांत २२ नांवें महारांचीं आहेत. असें असतां १८९० नंतरच्या दशकांत याच समाजास लष्करभरती बंद झाली. सरसेनापति लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळांत 'लढवय्या जमाती'ची कल्पना बळावली होती. शौर्य कांहीं वंशांच्या रक्तांतच असतें, इतरांच्या नसतें, असें ती सांगे. आणि येथें जातीलाच वंश मानलें गेलें. पुढें भरती करणारा अधिकारी कितीही सज्जन असला, तरी नियम पाळला कीं अन्याय आपोआप घडे.

या बंदीनें केवळ पगार बुडाला नाहीं. निवृत्तिवेतन गेलें, पलटणीची शाळाही गेली. सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेंत शिक्षक होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे त्यांचे चिरंजीव. ज्या वाटेनें एक पिढी वर चढली, ती पुढच्या पिढीस बंद झाली. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनीं १९१० सालीं या बंदीविरुद्ध विलायत सरकारकडे अर्ज धाडला.

मग महायुद्ध आलें. माणसांची गरज पडतांच १९१७ सालीं महारांची पलटण उभी राहिली; गरज सरतांच १९२१ सालीं ती मोडली. १९४१ सालीं पुन्हां महार रेजिमेंट उभारली गेली. शौर्य रक्तांतलें असतें, तर तें १९१७ त आलें कोठून आणि १९२१ त गेलें कोठें?

यावरून तीन कसोट्या निघतात. नियम काटेकोर पाळला असतां दाराबाहेर कोण राहतें? त्यासाठीं दिलेलें कारण गरजेच्या वेळीं टिकतें काय? आणि झालेली हानि पुढच्या पिढीकडे जाते काय? प्रत्येक विषमता म्हणजे अन्याय नव्हे, हा पहिल्या पक्षाचा इशारा रास्त आहे. नेमबाजास चांगली दृष्टि हवी, हें कारण युद्धांतही टिकतें. म्हणूनच कसोट्या हव्यात.

आमच्या खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. मुलींसाठीं तिचें दार २०२२ सालीं उघडलें, तेंही सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर. तो प्रश्न वंशाचा नव्हता. परंतु पहिली कसोटी तेथेंही लागू पडली.

आपण कोणी शाळेच्या, कोणी बँकेच्या, कोणी गृहसंस्थेच्या समितीवर असाल. 'आमच्या मनांत कांहीं नाहीं' एवढ्यावर समाधान न मानतां नियमांचें पुस्तक उघडावें, आणि त्याच्या प्रत्येक कलमाला विचारावें: तुझ्यामुळें बाहेर कोण उभें आहे?