उन्हाळी पुन्हा पुन्हा का लागते?



लघवीला जळजळ झाली की आपण 'उन्हाळी लागली' म्हणतो, धण्याचे पाणी पितो आणि गप्प बसतो. उन्हाने व कमी पाण्याने जळजळ होते हे खरे. परंतु वारंवार लघवी लागणे, ओटीपोट दुखणे, लघवी गढूळ वा लालसर होणे ही बहुधा जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. सहा महिन्यांत २ वेळा किंवा वर्षात ३ वेळा असे झाल्यास तो वारंवार होणारा संसर्ग समजतात.

यात लाज वाटण्याजोगे काही नाही. स्त्रीचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर, पुरुषाचा २० च्या आसपास. म्हणून आतड्यातील ई. कोलाय जंतू स्त्रीच्या मूत्राशयात लवकर पोचतात. लघवी त्यांना धुऊन नेते. तुंबवली की ते वाढतात.

आमच्या फर्दापूर भागात कपाशी वेचताना, दुकानावर बसताना, एस.टी.च्या प्रवासात 'जायचे कोठे?' म्हणून बाई पाणीच पीत नाही. हीच आजाराची वाट आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हा त्रास असलेल्या व कमी पाणी पिणाऱ्या काही स्त्रियांनी रोज दीड लिटर पाणी वाढविले. त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला. न वाढविणाऱ्यांना ३.२ वेळा.

म्हणून पाणी भरपूर प्या; मूत्रपिंड वा हृदयाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारून. लघवी रोखू नका. शौचानंतर पुढून मागे धुवा. पतिपत्नी संबंधानंतर लघवीला जा. आतून साबण वा जंतुनाशक लावू नका. मधुमेहाची तपासणी करा. पाळी गेलेल्या भगिनींसाठी योनीमार्गात लावायचे मलम असते. ते डॉक्टरांना विचारावे.

मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नका. त्रास पुन्हा झाल्यास औषधापूर्वी लघवीची कल्चर तपासणी करा व सांगितलेला कोर्स पूर्ण करा. अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतात. थंडी-ताप, कुशीत दुखणे, उलट्या किंवा गरोदरपण असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मात्र आडोसाच नसेल तर उपदेश कोरडा ठरतो. २०११ साली मुंबईत महिलांनी 'राईट टू पी' मोहीम सुरू करून मोफत, स्वच्छ व सुरक्षित मुताऱ्या मागितल्या. आपणही ग्रामसभेत हा विषय मांडू या. बांधवांनीही तो मांडावा. घरातील स्त्रीचे आरोग्य हा केवळ तिचा प्रश्न नव्हे.